घाट उतरण्याआधी

नाशिककडून मुंबईला येताना वाडीवऱ्हे, घोटी ही गावे मागे पडली की हवा बदलते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, डाव्या हाताला कळसूबाईच्या रांगेतले डोंगर, आणि पावसाळ्यात तर पुढच्या गाडीचे मागचे दिवेही दिसू नयेत असे धुके. इगतपुरी हे रेल्वेच्या माणसांचे गाव. आपल्यापैकी पुष्कळांना ते धम्मगिरीमुळे, तेथील दहा दिवसांच्या शिबिरांमुळे ठाऊक आहे. पण ज्यांच्या हातात गाडीचे स्टेअरिंग असते त्यांना इगतपुरी आठवते ती घाटामुळे. गावापुढे घाटनदेवीचे देऊळ लागते आणि रस्ता खाली उतरू लागतो. हाच थळ घाट. बोलण्यात कसारा घाट.

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, कसारा तिच्या निम्म्याच उंचीवर. म्हणजे थोड्या अंतरात ३०० मीटर खाली यायचे. १८६५ साली येथून रेल्वे सुरू झाली तेव्हा रुळांना ३७ फुटांना १ फूट असा चढ द्यावा लागला. आजही मुंबईहून आलेल्या गाडीला कसाऱ्याला जादा इंजिने लावतात, तेव्हा कोठे ती वर चढते. चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे रेल्वेने पहिल्यापासून ओळखले. ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय गाडी घाटात सोडायची नाही, असा तेथे दंडक आहे.

रस्त्यावर मात्र असा दंडक कोणी कोणाला लावत नाही. घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हर थांबतो तो चहासाठी किंवा नारळ फोडण्यासाठी. नारळ फोडणाऱ्याचा आम्हाला राग नाही. बायकापोरांपासून आठ-आठ दिवस लांब राहणाऱ्या माणसाला कशाचा तरी आधार हवा असतो. पण त्याच पाच मिनिटांत तो गाडीभोवती एक फेरी मारील, प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन कोणते जास्त तापले आहे ते पाहील, तर त्या नारळापेक्षा अधिक काही पदरात पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वर्तमानपत्रात बातमी येते, "ब्रेक निकामी झाल्याने ट्रक दरीत कोसळला." या घाटातल्या एका जागेला तर लोक 'ब्रेक फेल पॉईंट' म्हणूनच ओळखतात. जणू त्या जागेत काही आहे आणि तेथे येताच चांगल्या गाडीचा ब्रेक नाहीसा होतो! वाचणारा हळहळतो, नशीब म्हणतो आणि पान उलटतो. वास्तविक ब्रेक असा अचानक जात नाही. पुष्कळ आधीपासून तो आवाजाने, वासाने, पायाखालच्या पेडलने सांगत असतो. ऐकणारा नसतो, किंवा ऐकणाऱ्याला बोलायची सोय नसते. यातली दुसरी गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली, म्हणून हा लेख.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. एका कचेरीत जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात निम्मे आयुष्य गेले. पाना हातात धरण्याचा प्रसंग सायकलपुरताच. परंतु वस्तीच्या मंडळाचे काम करताना गाडी ठरवणे, भाडे जमवणे, माणसे मोजून चढवणे ही कामे ओघाने आमच्याकडे येतात. अशीच एक सतरा आसनी गाडी घेऊन आम्ही कल्याणहून येवल्याला गेलो होतो. मुक्तिभूमी पाहिली. १३ ऑक्टोबर १९३५ ची ती घोषणा जेथे झाली तेथे म्हाताऱ्या माणसांनी बराच वेळ काढला. येताना नाशिकला त्रिरश्मी लेणी केली. लेण्यांविषयी या पानातून वेळोवेळी आलेले आहे. येथे फक्त परतीच्या वाटेचे लिहितो.

आमच्यासोबत वस्तीतले एक काका होते. एस.टी.च्या डेपोत हेल्पर म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. नाशिक सोडल्यापासून ते गप्प होते. बायकांची गाणी चालली होती, पोरे खिडकीशी भांडत होती, आणि काका मान तिरकी करून काहीतरी ऐकत होते. वाडीवऱ्ह्याला चहासाठी थांबलो तेव्हा ते चहाकडे न जाता गाडीच्या पुढच्या चाकांजवळ गेले. उजव्या चाकाजवळ हात नेला, मग डाव्या. डाव्याजवळून हात चटकन मागे घेतला. आम्हालाही त्यांनी तेथे नाक न्यायला लावले. जळक्या रबरासारखा, पण जास्त तिखट असा वास येत होता.

ड्रायव्हर पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. काकांनी त्याला बाजूला घेतले. "बाळा, स्टेअरिंग डावीकडे ओढतंय ना?"

तो आधी "नाही" म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "काका, दोन दिवस झाले. शेटला सांगितलं. ते म्हणाले, एवढी ट्रिप मारून ये, मग बघू."

"आणि पेडल?"

"पहिल्यापेक्षा खाली जातंय. एकदा दाबून सोडून परत दाबलं की वर येतं."

काका आमच्याकडे वळले. म्हणाले, "साहेब, या गाडीने घाट उतरायचा नाही."

पुढे घोटीपर्यंत गाडी सावकाश आणली. तेवढा रस्ता सपाट आहे आणि ब्रेकला फारसे काम पडत नाही. घोटी म्हणजे तांदळाची मोठी बाजारपेठ. सिन्नरकडून येणारा रस्ता तेथेच महामार्गाला मिळतो, त्यामुळे ट्रकची वर्दळ मोठी आणि गॅरेजही पुष्कळ. कोणी फक्त टायरचे, कोणी वायरिंगचे, कोणी पाटेवाले. ज्या पोलादी पट्ट्यांच्या थरावर गाडीचा मागचा भार असतो त्यांना पाटे म्हणतात. काकांनी दोन गॅरेज सोडून तिसरे निवडले. कारण विचारले तर म्हणाले, "पहिल्या दोन्हीकडे काढलेल्या भागांचे ढीग दारात पडले आहेत. हा माणूस काढलेला भाग फडक्यावर ओळीने मांडतो." गॅरेज कसे निवडावे याचे यापेक्षा सोपे लक्षण आम्हाला ठाऊक नाही.

मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी लगेच पाना उचलला नाही. आधी ड्रायव्हरला सगळे विचारले: केव्हापासून, थंड असताना की तापल्यावर, नुसते चालताना ओढते की ब्रेक दाबल्यावर. डॉक्टरने नाडी पाहण्याआधी विचारावे तसे. मग मागच्या चाकांमागे दगड लावून पुढचा भाग जॅकने उचलला आणि खाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जायचे नाही, हे त्यांनी हेल्पर पोराला आमच्यादेखत पुन्हा बजावले. उजवे चाक हाताने फिरवले, ते गरगर फिरले. डावे दोन्ही हातांनी जोर लावला तरी जागचे हलेना.

आमची पुतणी अकरावीला आहे, विज्ञान शाखेला. ती पुढे होऊन पाहू लागली. मिस्त्रींनी तिला हाकलले नाही, उलट समजावून सांगितले. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चारी चाकांकडे ढकलले जाते. पुढच्या चाकांवर लोखंडी चकती असते, ती डिस्क. ऑइलच्या दाबाने दोन्हीकडून पॅड तिला चिमटीत धरतात. मागच्या चाकांवर ड्रम असतो आणि त्याच्या आतून लायनर बाहेर दाबला जातो. पाय काढला की दाब जायला हवा आणि चाक मोकळे व्हायला हवे. येथे पाय काढूनही चाक मोकळे होत नव्हते. म्हणजे ड्रायव्हर ब्रेक दाबत नसतानाही नाशिकपासून हे एक चाक अर्धवट ब्रेक लावूनच पळत होते.

आता कारण कोणते? आम्हाला वाटले, तो चिमटा, ज्याला कॅलिपर म्हणतात, तोच गंजून अडकला असेल. ड्रायव्हरलाही तसेच वाटले. कॅलिपर महाग पडतो. मिस्त्रींनी मात्र कॅलिपरवरची हवा काढायची छोटी निपल पान्याने किंचित सैल केली. ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरू लागले. "बघ पोरी," ते म्हणाले, "कॅलिपर जाम असता तर निपल सोडूनही चाक फिरलं नसतं. दाब मागे अडकलाय." मग त्यांनी चाकाकडे जाणारी रबरी नळी, होज पाईप, वरच्या जोडावर सोडली आणि कापून दाखवली. बाहेरून धडधाकट. आतून रबर सुजून भोक इतके बारीक झाले होते की दाभण जेमतेम जावे. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जायचे, पण परत येताना अडकायचे. दुसऱ्या एखाद्याने नवा कॅलिपर बसवला असता, पैसे घेतले असते, आणि चाक पुन्हा जाम झाले असते.

पेडल खाली जाण्याचे कारणही यातूनच निघाले. सतत घासून पॅड तापले, त्यांची उष्णता ऑइलला लागली. ब्रेक ऑइलचा एक गुण म्हणा, अवगुण म्हणा: ते हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या साध्या ब्रेक ऑइलला उकळी फुटायला किमान २०५ अंश उष्णता लागते. तेच ओलावा शोषून जुने झाले की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबले जात नाही, बुडबुडा मात्र दाबला जातो. म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला काही कळत नाही. सपाट रस्त्यावर हे एकदा-दोनदा होते, थंड झाल्यावर पेडल पुन्हा ठीक वाटते आणि माणूस विसरून जातो. घाटात मात्र थंड व्हायला वेळच मिळत नाही. या गाडीतले ऑइल काळपट चहासारखे झाले होते. दोन वर्षांनी तरी ते सगळे बदलावे असे मिस्त्रींचे म्हणणे; नुसती वरून भर घालू नये.

दुसरा आवाज काकांनी ऐकला होता तो मागचा. खड्ड्यातून जाताना 'धड्' असा. मागून पाहिले तर गाडी डावीकडे दोन बोटे झुकलेली. मिस्त्री खाली गेले आणि टॉर्च मारून म्हणाले, "दुसरा पाटा तुटलाय." पाट्यांच्या थरातला एक तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो. त्यांना मध्ये धरून ठेवणारा बोल्ट तुटला तर अख्खा अॅक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. आमच्या गाडीचे तितके झाले नव्हते. मग त्यांनी पुतणीला शॉकअपची परीक्षा दाखवली. गाडीच्या कोपऱ्यावर अंगाचा भार देऊन खाली दाबायचे आणि एकदम सोडायचे. एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली तर शॉकअप ठीक. होडीसारखी डुलत राहिली तर गेलेला. टायरवर जागोजाग बशीसारखे खड्डे पडले असतील तर तेही त्याचेच लक्षण. आम्ही विचारले, शॉकअपचा ब्रेकशी काय संबंध? त्यांनी विचारले, "साहेब, उडी मारताना पाय जमिनीवर नसेल तर थांबाल कसं?" चाक रस्त्यावर टेकून राहिले तरच ब्रेकचा उपयोग. ते टेकवून ठेवायचे काम पाट्याचे आणि शॉकअपचे.

कामाला साडेतीन तास लागले. दोन्ही बाजूंचे होज पाईप बदलले, कारण दोन्ही एकाच वयाचे होते. डावीकडचे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. पॅड नेहमी दोन्हीकडचे एकदम बदलतात, नाहीतर गाडी पुन्हा एका बाजूला ओढते. जुने ऑइल टाकून नवे भरले. हवा काढण्याचे काम दोघांचे. हेल्पर आत बसून पेडल दाबून धरणार, मिस्त्री निपल सैल करणार, बुडबुड्यांसह ऑइल बाहेर येणार, निपल घट्ट होईपर्यंत पोराने पाय काढायचा नाही. सर्वात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळच्या चाकाशी संपवायचे. "दाब", "धर", "सोड" एवढे तीनच शब्द अर्धा तास चालले होते. पाटेवाल्याने तुटका पाटा बदलून दिला. या वेळात बायकांनी घोटीचा बाजार पाहून घेतला आणि तांदळाचे भाव विचारून आल्या.

खरा पेच होता तो पैशांचा. आणि पैशांहून त्या ड्रायव्हरचा. त्याने मालकाला फोन लावला. मालक म्हणाले, दुरुस्ती करायची नाही, हळूहळू कल्याणपर्यंत आणा. मुलाचा चेहरा उतरला. गाडी नेली नाही तर उद्यापासून चावी दुसऱ्याच्या हातात, आणि नेली तर मागे सोळा माणसे, त्यात पाच लेकरे. आम्ही पाहिलेली दुसरी गोष्ट ती हीच. दोष त्याला ठाऊक होता, त्याने सांगितलाही होता. पण रोजावर राबणाऱ्या माणसाचे सांगणे कोठे नोंदले जात नाही. दरीत गाडी गेली असती तर मात्र गुन्हा त्याच्याच नावावर नोंदला गेला असता.

काकांनी फोन स्वतःकडे घेतला. आवाज चढवला नाही. डेपोत वरिष्ठांशी बोलत असतील तशाच सुरात म्हणाले, "मालक, मी पस्तीस वर्षं गाड्या पास केल्या आहेत. ही गाडी मी पास करत नाही. मुलाला यात आणू नका, थांबवली ती मी." मग आम्ही आमचे काम केले. मिस्त्रींकडून रीतसर पावती घेतली: पॅड १५००, होज पाईप ९००, ऑइल ५००, पाटा ११००, मजुरी १२००, एकूण ५२०० रुपये. जुने भाग पिशवीत बांधून घेतले. मंडळाच्या शिल्लक रकमेतून पैसे दिले आणि ते गाडीच्या उरलेल्या भाड्यातून वजा होतील असे मालकांना संदेशाने कळवले. कल्याणला पोचल्यावर त्यांनी पावती दोनदा वाचली, कापलेला होज पाईप उलटसुलट करून पाहिला आणि वजावट मान्य केली. मुलगा अजून त्याच गाडीवर आहे.

गॅरेजमध्ये एक गोष्ट आम्हाला खटकली. मागचा ड्रम उघडला तेव्हा आत लायनरची राखाडी भुकटी साचली होती. हेल्पर पोराने कॉम्प्रेसरच्या हवेने ती फुंकायला पाईप उचलला. काका ओरडले, "थांब! फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पूस." पूर्वी लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास असे. आता त्याविना बनवलेले लायनर मिळतात, पण उघडलेल्या जुन्या ड्रममध्ये काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. त्या धुळीने फुफ्फुसे कायमची निकामी होतात, कर्करोगही होतो, आणि तो वीस-तीस वर्षांनी दिसतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांबाबत निकाल दिला, आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि कामगाराच्या प्रकृतीची नोंद ४० वर्षे ठेवण्यास सांगितले. पण ते कारखान्यांसाठी. गॅरेजच्या पोराची नोंद कोण ठेवणार? आपल्या वस्त्यांतली किती मुले या धंद्यात आहेत हे वाचकांना सांगायला नको. त्यांच्या आयांनी निदान फडके ओले करण्याची आणि तोंडाला रुमाल बांधण्याची आठवण द्यावी. ज्यांचे शिक्षण दहावीला थांबते आहे त्यांनी आय.टी.आय.ची चौकशी करावी. 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा तेथील अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, 'मेकॅनिक डिझेल' एक वर्षाचा. गॅरेजमध्ये हात तयार होतो. पण निपल सोडून दोष कोठे आहे हे ओळखायला जे डोके लागते, त्याला शिक्षणाची जोड मिळाली तर तोच मुलगा उद्या डेपोत पक्क्या नोकरीवर बसू शकतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास घाटाला लागलो. खाली उतरणाऱ्या गाड्यांसाठी नवा घाट, चढणाऱ्यांसाठी जुना, त्यामुळे समोरून कोणी येण्याची भीती नाही. काका ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर," एवढेच त्यांनी सांगितले. इंजिनच मग गाडीला मागे खेचून धरते आणि ब्रेकला अधूनमधून उसंत मिळते. डिझेल वाचवायला कित्येक जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झाले की पेडल हलके करणारा व्हॅक्यूम संपतो. दोन-तीन वेळा दाबले की पेडल दगडासारखे होते आणि पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड. वाचलेल्या डिझेलची किंमत चहाच्या कपाएवढी असेल.

आमच्या पुढे ट्रकची रांग होती आणि सगळ्या घाटात तोच जळका वास भरून राहिला होता. बाहेर दरीत ढग उतरलेले, भिजलेली हिरवी कडेकपार. नाकात मात्र लायनर. खाली लतीफवाडीला एक ट्रक बाजूला उभा होता, मागच्या चाकांतून धूर निघत होता. क्लीनर बादली घेऊन धावला. आमच्या काकांनी गाडी थांबवायला लावली आणि खिडकीतून हात करून त्याला अडवले. तापलेल्या ड्रमवर थंड पाणी पडले तर बिडाला तडा जातो. तसेच उभे राहू द्यायचे, तासभर लागला तरी चालेल, आणि हँडब्रेक ओढण्याऐवजी चाकामागे दगड लावायचा.

ट्रकचा ब्रेक ऑइलवर नसतो, हवेवर असतो. काकांनी पुढच्या वाटेत समजावले. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. हवा अगदीच संपली तर हँडब्रेकची स्प्रिंग आपोआप मागची चाके धरते. मग ट्रक सुटतात कसे? भार जास्त, उतार लांब, ड्रायव्हर पाय ठेवूनच उतरतो. ड्रम तापतो आणि तापला की फुगतो. फुगलेल्या ड्रमपर्यंत पोचायला लायनरला जास्त अंतर जावे लागते. ते अंतर कमी ठेवणारा अॅडजस्टर वेळेवर कसलेला नसेल तर दांडा आपली पूर्ण लांबी संपवतो आणि लायनर ड्रमला टेकतच नाही. काट्यावर हवा भरपूर, पायाखाली ब्रेक काहीच नाही. अॅडजस्टर कसणे हे पान्याचे थोड्या वेळाचे काम आहे, पण ते गाडी उभी असताना करायचे असते. आणि ट्रिपवर पैसे मिळणारा ड्रायव्हर उभा राहिला की त्याचे पैसे जातात.

आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आहे. जवळजवळ ८ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या घाट टाळून खाली येतात. तेथे टोल द्यावा लागतो, म्हणून ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी जुनाच घाट आहे. आपल्या लोकांच्या गाड्या बहुधा त्याच वाटेने येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खानदेश, मराठवाड्याकडून चैत्यभूमीला निघालेले टेम्पो, जीपगाड्या रात्री-अपरात्री हा घाट उतरतात. एकेका गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे, वर शिधा आणि अंथरुणे. अशी गाडी ठरवणाऱ्यांनी भाड्याची घासाघीस जरूर करावी, पण आधी गाडी दिवसाउजेडी दारात मागवावी. नंबरप्लेट पिवळी आहे ना, फिटनेसच्या कागदाची मुदत आहे ना, हे पाहावे. आठ वर्षांवरच्या भाड्याच्या गाडीला तो दरवर्षी नवा घ्यावा लागतो. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि काही झाले, तर विमा कंपनी हात वर करू शकते. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते वाकून पाहावे. गाडी चालू ठेवून पेडल जोराने दाबून धरावे. मिनिटभरात ते हळूहळू खाली गेले तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले. स्पंजासारखे लागले तर नळीत हवा. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर पॅड किंवा लायनर संपलेला, ती गाडी त्याच पावली परत पाठवावी. आणि ड्रायव्हरला मालकाच्या माघारी विचारावे, "दादा, काही ओढतंय का?" तो खरे सांगतो.

आमच्या वस्तीत आता गाडी आदल्या दिवशी चार वाजता येते. काका खुर्ची टाकून बसतात, पुतणी टॉर्च धरते. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला माळशेज घाटाने जायचे होते तेव्हा तीन गाड्या आल्या होत्या, त्यांतली एक काकांनी नापास केली. उजव्या मागच्या चाकातून ऑइल गळत होते. मालक बराच वेळ बोलत राहिला. बदली गाडी रात्री साडेनऊला आली. काकांनी जेवण अर्धे ठेवून तिचीही चाके पाहिली.